चांदनीची बोटी

गेल्या बकरी ईदला घर पाहुण्यांनी भरले होते. जेवणे उरकली आणि मुलांनी बिर्याणीच्या पातेल्यातले उरलेसुरले आमच्या चांदनीपुढे ठेवले. पुढचे दोन दिवसही तेच. सणाला मांजरानेही पोटभर खावे, म्हणून आम्हीही कौतुकाने पाहत होतो.

चौथ्या दिवशी चांदनी पलंगाखालून बाहेर येईना. लघवी गडद लालसर, हिरड्या पांढऱ्याफटक. जनावरांच्या डॉक्टरांनी एकच विचारले, "कांदा खाल्ला का हिने?" आम्ही म्हणालो, "नाही हो, मटणच दिले." मग आठवले, प्रत्येक बोटीला तळलेला कांदा चिकटलेला होता.

डॉक्टरांनी समजावले ते असे. कांदा-लसणातली गंधकयुक्त द्रव्ये मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात. शिजवून, तळून किंवा वाळवून हा दोष जात नाही. मांजराच्या वजनाच्या दर किलोमागे सुमारे ५ ग्रॅम कांदाही बाधू शकतो. म्हणजे चार किलोच्या मांजराला २० ग्रॅम. तळून आटलेला कांदा तर त्याहून कमी पुरतो. लसूण कांद्यापेक्षा तीव्र. त्रास लगेच दिसत नाही, काही दिवसांनी दिसतो, म्हणून दोष कोणाचा ते कळत नाही.

आपल्या दस्तरखानावरच्या आणखी काही गोष्टी सांभाळायला हव्यात. शिजलेले हाड ठिसूळ होते, त्याची किरचे घशात किंवा आतड्यात रुततात. दूध बहुतेक मोठ्या मांजरांना पचत नाही, जुलाब होतात. उरलेला शिरखुर्मा वाटीत ओतू नये. दुधाशिवाय त्यात मनुका असतात आणि मनुकांनी मूत्रपिंडाला इजा होण्याचा धोका आहे. चॉकलेटही नको.

मग द्यायचे काय? बिनमिठाची, बिनमसाल्याची उकडलेली कोंबडी, काटे काढलेली उकडलेली मासळी, उकडलेले अंडे, सारे थोडे थोडे. पण दूध-पोळी किंवा डाळ-भातावर मांजर पोसता येत नाही. टॉरिन नावाचे द्रव्य तिचे शरीर पुरेसे तयार करत नाही. ते मांस-मासळीतूनच मिळते. ते दीर्घकाळ कमी पडले तर मांजराची नजर जाते, हृदय दुबळे होते. उकडताना ते पाण्यातही उतरते, म्हणून ते पाणी फेकू नये, बोटीवरच ओतावे. नुसत्या मांसानेही सगळे भागत नाही, म्हणून शक्य असेल त्यांनी मांजरांचे तयार खाद्य मुख्य ठेवावे.

मांजर बांधून उपाशी ठेवणाऱ्या बाईची हदीस आम्ही वर्गात कितीदा सांगितली आहे. मुले ऐकून गप्प होतात. आम्ही मात्र भरल्या वाटीनेच मुक्या जिवाला त्रास दिला. उपाशी ठेवले नाही, एवढ्यावर आमचे समाधान होते. ती खाते म्हणजे तिला चालते, असे धरून चाललो.

सलाइन लावून, औषधे देऊन चांदनी वाचली. अंगात ताकद यायला मात्र पंधरा दिवस गेले. आता आमच्या घरी मटण धुतले की मसाला लावण्याआधी दोन-तीन बिनहाडाच्या बोट्या वेगळ्या उकडतात. हे काम धाकटीने स्वतःकडे घेतले आहे. पाहुण्यांपैकी कोणी ताटातली बोटी खाली टाकायला वाकले, की तीच आधी हात धरते, "खाला, थांबा, कांदा आहे त्याला!"