पुस्तक आमच्यासाठी, मग निवड कुणाची?



चप्पल घ्यायची असली की आईबाबा आम्हाला दुकानात बरोबर नेतात. पायात घालून बघ, चालून बघ, चावते का सांग, असे दहादा विचारतात. पुस्तक घ्यायचे असले की मात्र आम्हाला कुणी नेत नाही. कामावरून परत येताना बदलापूर स्टेशनच्या बाहेर ते घेतले जाते आणि एकदम आमच्या हातात पडते. वर लिहिलेले असते 'संस्कारकथा', 'बोधकथा', नाहीतर 'सामान्य ज्ञान'. आणणाऱ्याच्या मनात चांगलेच असते, यात शंका नाही. पण चार दिवसांत ते पुस्तक टीव्हीच्या मागे जाते आणि घरात बोलणी सुरू होतात, "एवढे पैसे घालून आणलं, आणि पोर काही वाचत नाही!"

माझे म्हणणे असे की पोर वाचत नाही असे नाही. ते पुस्तक त्याला बसले नाही, एवढेच.

पालकांना वाटते, पुस्तकातून बोध मिळाला पाहिजे. मिळू दे की. पण गोष्ट आठ ओळींची आणि तात्पर्य चार ओळींचे असले तर आम्ही काय वाचायचे? 'श्यामची आई' हे पुस्तक सगळ्या पालकांना पसंत असते. साने गुरुजींनी ते १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले. ते संस्काराचे पुस्तक आहे म्हणून आणतात, आणि म्हणूनच पुष्कळ मुले त्याला हात लावत नाहीत. पण त्यातला श्याम काही पहिल्यापासून शहाणा नाही. पोहायला जायचे नाही म्हणून तो लपून बसतो आणि आई त्याला शिंपटीने बडवून विहिरीवर पाठवते! आपण नदीकाठची मुले. ही गोष्ट आपल्याला कुणी समजावून सांगावी लागत नाही. पालकांनी पुस्तक देताना "यातून शिक काहीतरी" असे म्हणण्याऐवजी "श्यामला मार कसा बसला ते वाच" असे म्हणून बघावे.

थोर पुरुषांच्या छोट्या चरित्रांचेही तसेच. बहुतेक सगळी एका साच्यातली. जन्म, लहानपणीच हुशार, पुढे थोर कार्य, शेवटी मृत्यू. मधली अडचण कुठे गेली? नाव बदलले तरी कळणार नाही. त्याच्या उलट वीणा गवाणकरांचे 'एक होता कार्व्हर' हे १९८१ सालचे पुस्तक बघा. जाड आहे, चित्रे नाहीत असे म्हणून घाबरू नका. अमेरिकेतल्या गुलाम आईचा तो मुलगा. शिकायला मिळावे म्हणून गावोगाव फिरला, लोकांचे कपडे धुतले, आणि पुढे शेतीचा शास्त्रज्ञ झाला. सारखा कापूस घेऊन जमिनी थकल्या होत्या, तिथल्या शेतकऱ्यांना त्याने भुईमूग आणि रताळी लावायला शिकवले. हे आमच्या आजोबांनासुद्धा वाचून दाखवता येते. ते मध्येच थांबवून जमिनीबद्दल प्रश्न विचारतात, म्हणजे पुस्तक चांगलेच म्हणायचे.

दुसरी गोष्ट खरेपणाची. मुलांच्या पुस्तकात काहीही लिहिले तर चालते असे काही लेखकांना वाटते काय, कोण जाणे. पूर आला की एक शूर मुलगा पाण्यात उडी घेतो आणि सगळ्या गावाला वाचवतो! चामटोलीच्या मुलाला हे सांगू नये. २७ जुलै २०१९ रोजी उल्हास नदीच्या पुरात महालक्ष्मी एक्स्प्रेस आपल्याच गावाजवळ अडकली होती. गाडीत सुमारे १०५० माणसे होती. गावातली माणसे मदतीला धावली, राष्ट्रीय आपत्ती दलाच्या आणि नौदलाच्या बोटी आल्या, आणि सगळे प्रवासी सुखरूप बाहेर आले. त्यात दोर लागतो, बोट लागते, पुष्कळ माणसे लागतात आणि वाट बघावी लागते. राक्षस, उडता गालिचा, बोलणारा कोल्हा हे आम्हाला चालते, कारण ती गंमत आहे हे आधीच ठरलेले असते. पण खरे म्हणून खोटे सांगितले की पुस्तकावरचा विश्वास उडतो.

लहान भावंडांसाठी फार सांगायला नको. चित्र मोठे, वाक्य लहान आणि बोलतो तशी भाषा असावी. घरी आगरी, कातकरी किंवा ठाकरी बोलणाऱ्या मुलांना तर हे फारच उपयोगी पडते, कारण शब्द अडला तरी चित्र अडत नाही. माधुरी पुरंदरे यांची 'राधाचं घर' ही पुस्तके अशीच आहेत. गोष्टही त्यांची आणि चित्रेही त्यांचीच.

खरी पंचाईत आमच्यासारख्या मोठ्या मुलांची आहे. चित्रांची पुस्तके हातात धरली की मोठी माणसे हसतात, आणि कादंबरी धरली की "हे तुझ्या वयाचं नाही" म्हणतात. मग उरते काय? गाईड आणि मोबाईल. याच वयात वाचन सुटते, आणि सुटले की पुन्हा लागणे कठीण. म्हणून बारा-तेरा वर्षांच्या मुलांसाठी पुस्तक बघताना जास्त मेहनत घ्यावी. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आहे, तो फुरसुंगीचा मुलगा, सायकलवरून संकटात शिरणारा. जपानच्या तेत्सुको कुरोयानागी यांचे 'तोत्तोचान' मराठीत आलेले आहे. तिची शाळा चक्क रेल्वेच्या डब्यांत भरत असे, आणि पहिल्या दिवशी मुख्याध्यापकांनी तिचे बोलणे चार तास ऐकून घेतले. व्यंकटेश माडगूळकरांचे 'बनगरवाडी' मोठ्यांसाठी लिहिलेले आहे, पण धनगरांच्या वाडीवर गेलेला नवा मास्तर आम्हाला समजणार नाही असे का मानायचे?

आता काही पालक म्हणतील, यांच्यावर सोडले तर नुसती भुतांची आणि मारामारीची पुस्तके आणतील. आणतील, खरे आहे! आणू द्यावीत. चार-पाच वाचली की भूतही तेच तेच करते हे आपोआप कळते. पण एक पुस्तक आमच्या पसंतीचे आणि एक तुमच्या पसंतीचे, असा सौदा करावा. तुमच्या पसंतीचे आधी तुम्ही वाचलेले असावे, निदान दहा पाने. आणि एखादे पुस्तक अर्ध्यात सोडले तर रागावू नये. सगळ्यांना सगळी भाजी आवडत नाही.

घेण्याआधी मधलेच एक पान मुलाला मोठ्याने वाचायला सांगावे. पाचापेक्षा जास्त शब्द अडले तर पुस्तक पुढच्या वर्षी. वाचता वाचता त्याने पान स्वतःहून उलटले, तर किंमत विचारायला हरकत नाही. पैशाची अडचण असेल तर 'किशोर' मासिक आहे. बालभारती ते १९७१ पासून काढते, आणि जुने अंक मोबाईलवर फुकट वाचता येतात. मोबाईल हातात आहेच, तर तेवढा तरी उपयोग होऊ दे.

१५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन येतो. त्याच्या आधी या भित्तिपत्रकाच्या खाली एक कोरा कागद लावणार आहोत आणि पेन्सिल दोरीने बांधून ठेवणार आहोत. प्रत्येकाने आवडलेल्या एका पुस्तकाचे नाव लिहावे, आणि त्यातला कोणता प्रसंग आवडला ते एका ओळीत लिहावे. 'छान आहे', 'बोधपर आहे' एवढेच लिहिले तर नाव खोडले जाईल. पालकांनीही लिहावे. चांदोबा वाचून मोठे झालेल्यांनी तर जरूर लिहावे.