थांबण्याचा हात

पंचांगात ऋतू सहाच सांगितले आहेत. डोंबिवलीकराला मात्र खिडकीत बसल्या बसल्या एक सातवाही सापडतो. माघातली थंडी ओसरू लागते, आंब्याच्या मोहोराचा वास येतो, आणि एखाद्या रविवारी संध्याकाळी खाडीच्या अंगाने 'धम्म' असा एक आवाज येतो. मागोमाग दुसरा, मग वीस-पंचवीस एकदम, आणि त्यांच्यावर, पत्र्यावर गारा कोसळाव्यात तशी ताशाची तर्री. "सुरू झालं गं पथक!" असे शेजारच्या काकू गॅलरीतून ओरडून सांगतात. ओरडूनच, कारण साध्या आवाजात सांगितलेले आता पाडव्यापर्यंत कुणाला ऐकू यायचे नाही.

येथे पुण्याचे वाचक भुवया उंचावतील. ढोल-ताशा म्हणजे गणपती, गणपती म्हणजे भाद्रपद आणि भाद्रपद म्हणजे पुणे, असे त्यांचे समीकरण आहे. आणि ते चुकीचे नाही. ढोल-ताशाचे माहेर त्या बाजूचेच. मुळशी-मावळातले गावकरी आपले ढोल घेऊन शहरात उतरत. पुढे ज्ञानप्रबोधिनीचे संस्थापक आप्पासाहेब पेंडसे यांनी शाळेतल्या मुलांच्या हाती ढोल दिले, आणि एका शाळेचे पाहून दुसरीने, दुसरीचे पाहून मंडळांनी पथके उभी केली. तेथे सराव पावसाळ्यात, नदीकाठी, अंगावर सरी घेत चालतो. हे सारे मान्य. पण लेक सासरी आली की सासरचे वळण घेते, तसे हे ढोल आमच्या ठाणे-कल्याणकडे आले आणि त्यांना उन्हाळा चिकटला.

त्याला कारण आमची स्वागतयात्रा. 1999 साली डोंबिवलीच्या श्री गणेश मंदिर संस्थानाने चैत्र शुद्ध प्रतिपदेला नववर्षाच्या स्वागताची मिरवणूक काढली. कल्पना आबासाहेब पटवारी यांची. पाहता पाहता ठाण्याला कौपिनेश्वराच्या साक्षीने, कल्याणला, गिरगावात अशा यात्रा निघू लागल्या. मिरवणूक म्हटली की वाद्य आले. लग्नाच्या वरातीतला बँड आणि पैसे मोजून आणलेला नाशिक ढोल येथे पूर्वीपासून होता. पण आपल्याच आळीतली पोरेपोरी, पदरमोड करून, कमरेला ढोल बांधून पुढे चालत आहेत, हे दृश्य आमच्याकडे रुजवले ते मुख्यतः या यात्रांनी. आता असे पथक नाही असा भाग सापडणे कठीण.

उन्हाळ्याचा हा हंगाम पावसाळ्याच्या हंगामापेक्षा अवघड, असे माझे मत आहे, आणि त्याला कारणे आहेत.

पहिले कारण परीक्षा. पाडवा येतो चंद्राच्या मर्जीने आणि परीक्षा येते मंडळाच्या. दोघांची पत्रिका काही जुळत नाही. 2023 साली पाडवा 22 मार्चला आला, तेव्हा दहावीची परीक्षा संपायची होती. मध्ये अधिक श्रावण पडला आणि 2024 चा पाडवा गेला 9 एप्रिलवर, पदवीच्या परीक्षांच्या तोंडावर. म्हणजे कुठूनही आला तरी तो कुणा ना कुणा विद्यार्थ्याच्या मानगुटीवरच येतो. माझ्या वर्गात फाल्गुनात मागच्या बाकांवर जी मुले पेंगतात, त्यांच्या बोटांकडे मी पाहते. अंगठ्याजवळ चिकटपट्टी असेल तर ढोल, तर्जनीला घट्टा असेल तर ताशा. हजेरीपटापेक्षा ही खूण अधिक भरवशाची.

दुसरे कारण ऊन. कागदावर आमचा मार्च पुण्या-नागपूरच्या मानाने सौम्य. म्हणूनच हवामान खाते किनारपट्टीला वेगळी फूटपट्टी लावते: सपाटीवर 40 अंशांशिवाय उष्णतेच्या लाटेचा विचार होत नाही, पण किनाऱ्यावर पारा 37 वर गेला आणि नेहमीपेक्षा साडेचार अंशांनी चढला की लाट मानतात. कारण खाडीची दमट हवा घाम वाळू देत नाही, आणि घाम वाळला नाही तर अंग निवत नाही. 16 एप्रिल 2023 रोजी खारघरच्या उघड्या मैदानावर भर दुपारच्या समारंभानंतर उष्माघाताने 14 माणसे दगावली. तेव्हापासून तरी उन्हाची थट्टा कुणी करू नये. यात्रा सकाळी लवकर निघते खरी. पण आठ-दहा किलोंचा ढोल कमरेला बांधून, डोक्याला फेटा गुंडाळून पोरे तास-दोन तास चालत आलेली असतात, तोवर डांबर तापलेले असते. त्यातून काही पथकांत वाजवायचे ते अनवाणी, असा नेम.

उन्हाचा त्रास माणसालाच होतो असे नाही, वाद्यालाही होतो. ढोलाच्या तोंडावर जे मढवतात त्याला 'पान' म्हणतात. कातड्याचे पान पावसात ओल धरून सैल पडते आणि उन्हात ताणून कडक होते. ताशाला मात्र धग मानवते. 'ताशा' हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला. तांब्याच्या भांड्यावर बकऱ्याचे कातडे मढवायचे आणि वाजवण्यापूर्वी शेकोटीशी धरून तापवायचे, अशी जुनी रीत. 1845 पासून जे हिंदी मजूर करारावर त्रिनिदादला गेले त्यांनी हे वाद्य तिकडे नेले. तेथे त्याला 'तासा' म्हणतात आणि अजूनही ते आगीशी धरून तापवले जाते. आमच्या पथकांनी आता प्लॅस्टिकची पाने चढवली आहेत. त्यांना ऊनपाऊस सारखाच. सोय झाली, मात्र आवाज अधिक टणक आणि कानाला अधिक बोचरा झाला. या बोचण्याकडे मी पुढे येणारच आहे.

ढोल आणि उन्हाळा यांची सांगड घालणारे आपणच एकटे नाही. अमेरिकेत 'ड्रम कोर' म्हणून एक प्रकार आहे. पितळी वाद्ये, ढोल आणि निशाणे घेतलेले तरुण मैदानावर कवायतीच्या आकृत्या करीत वाजवतात. त्यांच्या संस्थेची पहिली अजिंक्यपद स्पर्धा 1972 साली विस्कॉन्सिनमधल्या व्हाइटवॉटर येथे झाली. वयाची अट बाविशीपर्यंतची. सगळी सुट्टी ही मुले बसगाड्यांतून गावोगाव हिंडतात, शाळांच्या व्यायामशाळांत जमिनीवर झोपतात, दिवसभर उन्हात घोटतात आणि रात्री दहा-बारा मिनिटांचा प्रयोग करतात. त्यासाठी पदरचे पैसेही भरतात. परीक्षक त्यांना शतांशापर्यंत गुण देतात. 2014 साली कॅलिफोर्नियाच्या 'ब्लू डेव्हिल्स' संघाला 100 पैकी 99.65 गुण मिळाले. इतके गुण मी मराठीच्या पेपरात आजवर कुणाला दिलेले नाहीत. आणि उरलेले 0.35 कशासाठी कापले असतील, या विचाराने मला एक रात्र झोप आली नाही.

आमच्याकडेही अलीकडे ढोल-ताशांच्या स्पर्धा भरतात, करंडक दिले जातात. पण खरी चुरस असते ती रस्त्यावर. फडके रोडवर किंवा तलावपाळीला दोन पथके पाठोपाठ आली की परीक्षक कट्ट्यावर उभे असतात: कोपऱ्यावरचा वडेवाला, निवृत्त कारकून, सुनेच्या खांद्यावर हात ठेवून आलेल्या आजी. त्यांचा निकाल एका वाक्याचा असतो, "यांचा हात बसलेला आहे." 'हात' हा पथकातला खास शब्द. एकेका ठेक्याला हात म्हणतात: पहिला हात, दुसरा हात. संगीतातल्या मात्रा-खंडांपेक्षा मला हा शब्द आवडतो. पन्नास माणसांचा मिळून एक हात होणे, यापलीकडे पथकाची व्याख्या ती काय करायची?

आणि तो एक हात होणे आमच्या गावात किती दुर्मिळ आहे, हे सकाळच्या लोकलने जाणाऱ्यालाच कळेल. एका डब्यात शेकडो माणसे, पण प्रत्येकाचे कोपर दुसऱ्याच्या बरगडीत आणि डोळे स्वतःच्या फोनमध्ये. दिवसभर ज्याचा त्याचा ठेका निराळा. अशी माणसे रात्री आठ-साडेआठला गाडीतून उतरून, घरी डबा टेकवून, पुलाखाली किंवा खाडीकाठी सरावाला जातात, तेव्हा ती ढोल शिकायला जात नसतात, असे मला वाटते. ती दुसऱ्याबरोबर एका वेळी टिपरू उचलायला जातात. 2020 चा पाडवा 25 मार्चला होता. देशभरच्या टाळेबंदीचा तो पहिलाच दिवस. महिनाभर घोटलेला हात त्या दिवशी घराघरांत कोंडून पडला. अमेरिकेतल्या त्या संघांचाही 2020 चा उन्हाळा असाच गेला. आमच्या समोरच्या इमारतीतला एक मुलगा त्या सकाळी खिडकीच्या कठड्यावर दोन बोटांनी ठेका धरून बसला होता. पुढे 2 एप्रिल 2022 च्या पाडव्याला राज्यातले निर्बंध उठले, तेव्हा ढोलाला पहिली थाप पडताच कट्ट्यावरच्या निम्म्या लोकांच्या डोळ्यांत पाणी होते.

इतके कौतुक केल्यावर आता कानाकडे येते.

माझ्या वर्गात एक मुलगी आहे. हुशार, टिपणे नेटकी. पथकात ताशा वाजवते. गेल्या उन्हाळ्यात तिच्या वहीत मला एक वाक्य दिसले: 'या अभंगाचा शूर आर्त आहे.' मी सांगितला होता सूर. तिने लिहिला शूर. पुढच्या पानावर 'सर'चा 'शर' झालेला. शुद्धलेखनाच्या चुका आम्हा मराठीवाल्यांना नव्या नाहीत. पण या मुलीच्या हातून त्या होत नसत. खोदून विचारले तेव्हा कळले, की सरावानंतर रात्रभर कानात 'कुंई' असे वाजते आणि सकाळी माणसांचे बोलणे उशीतून आल्यासारखे येते. मोठ्या आवाजाने कान बिघडतो तो आधी उंच स्वरांच्या बाजूने, आणि स, श ही आपली ऊष्म व्यंजने नेमकी त्याच बाजूला राहतात. कानाच्या डॉक्टरांनी आलेख काढला, तर चार हजार कंपनांच्या आसपास खड्डा. थोडक्यात वेळ साधली, म्हणाले; विश्रांतीने बरेचसे भरून येईल. पण कानाच्या आतल्या केसाळ पेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत.

हिशेब सरळ आहे. 85 डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तास कान सोसतो, असे तज्ज्ञ मानतात. पुढे दर तीन डेसिबलला ही मुदत निम्मी होते. 100 डेसिबलला उरतात फक्त पंधरा मिनिटे. आणि भरात आलेले पथक शंभराच्या खाली क्वचितच असते. कट्ट्यावरचा माणूस पाच मिनिटांत सुटतो. ताशेवाली मात्र दोन महिने, रोज दोन तास, त्या आवाजाच्या गाभ्यात उभी असते.

मी पथकाच्या प्रमुखाला भेटायला गेले. दिवसा बँकेत नोकरी करणारा, मुले त्याला दादा म्हणतात. मला वाटले होते, तो म्हणेल, "मॅडम, तुम्हाला आमच्या परंपरेचं वावडं आहे." तसे काही झाले नाही. दुसऱ्या आठवड्यात त्याने सगळ्यांना कानात घालायचे बोळे आणून दिले. मुलांनी ओरडा केला: बोळे घालून वाजवायचे म्हणजे डोळे बांधून चित्र काढायचे! त्यावर तो म्हणाला, "ढोल पोटाला लागतो ना? मग पोटानं ऐका. आणि ज्याला शेजारच्याचा हात बोळ्यातून ऐकू येत नाही, तो जास्त जोरात वाजवतोय." हे दुसरे वाक्य मी माझ्या वहीत उतरवून घेतले.

जोर म्हणजे जमणे नव्हे, हे आपल्याला फार उशिरा कळते. 2024 साली हरित न्यायाधिकरणाने पुण्यातल्या पथकांना तीस माणसांची मर्यादा घातली आणि त्याच सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयाने तिला स्थगिती दिली. वाद झाला तो माणसे किती याचा. 2000 सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम सांगतात, की निवासी भागात दिवसा मर्यादा 55 डेसिबलची. रुग्णालये, शाळा आणि न्यायालये यांच्याभोवती 100 मीटर शांतता. या 55 मध्ये ढोल तर सोडाच, आमच्या काकूही बसायच्या नाहीत. म्हणून नियम मोडायचाच, असे एकदा ठरले की मग रुग्णालयापुढेही मोडतात. आमच्या गल्लीत आजारी माणूस असताना दाराशी येऊन मुद्दाम चार हात जास्त वाजवून गेलेले पथकही मी ऐकले आहे. सगळेच काही त्या दादासारखे नाहीत.

त्याच्या पथकाचा गेल्या पाडव्याचा प्रकार मात्र सांगण्यासारखा आहे. यात्रेच्या वाटेवर एक प्रसूतिगृह लागते. अलीकडच्या चौकापर्यंत पथक पूर्ण भरात होते. ताशे नुसते आग ओकत होते. दादाने मूठ वर केली आणि पन्नास ढोल एका क्षणात थांबले. कुणाचा एक ठोका पुढे गेला नाही, कुणाचे टिपरू चुकून आपटले नाही. ध्वज खांद्यावर घेऊन सगळे चालत राहिले. अनवाणी पावलांचे घासणे ऐकू येत होते. वरच्या मजल्यावर एक तान्हे मूल रडत होते, तेही ऐकू आले. गल्ली संपली, मूठ उघडली, आणि पुन्हा पहिलाच ठोका पन्नास ठिकाणी एकदम पडला. कट्ट्यावरच्या निवृत्त कारकुनाने मान हलवली. माझ्या मते त्या 0.35 गुणांचाही येथे हिशेब चुकता झाला.

पथके आपले हात मोजून सांगतात: आम्हाला पाच येतात, आम्हाला सात. हा थांबण्याचा हात त्या यादीत नसतो. तो शिकायला सगळ्यांत कठीण, कारण त्यात टाळ्या नाहीत. आणि ज्याला तो येतो त्याचे बाकीचे सगळे हात आपोआप बसलेले असतात.

तेव्हा वाचकहो, पुढच्या पाडव्याला आमच्याकडे जरूर या. ढोल किती आहेत ते मोजू नका. ते कुठे थांबतात तेवढे पाहा. आणि ती शांतता नीट ऐकू यावी म्हणून, येताना कानात घालायला बोळे आणायला विसरू नका.