दुखणे सांगायचे कोणत्या बोलीत?

ऑक्टोबर २०२४ मध्ये अवघ्या पाच दिवसांत वाशिम जिल्ह्याच्या वाट्याला दोन सोहळे आले. ५ ऑक्टोबरला पोहरादेवी येथे बंजारा विरासत संग्रहालयाचे उद्घाटन पंतप्रधानांच्या हस्ते झाले, तर ९ ऑक्टोबरला राज्यातील दहा नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचा प्रारंभ झाला. त्या दहांत वाशिमचेही नाव होते. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झालेला आणि २०१८ मध्ये आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत गेलेला हा जिल्हा. त्याला एकाच वेळी वारसा आणि वैद्यक या दोन्ही गोष्टी लाभाव्यात, हा योग समाधानाचाच आहे. परंतु या दोन वास्तूंच्या मधोमध एक स्त्री उभी आहे, तिच्याकडे मात्र कोणाचे फारसे लक्ष गेलेले नाही. मानोरा तालुक्यातल्या एखाद्या तांड्यावरून ती दुखणे घेऊन रुग्णालयात येते आणि तिला प्रथम भेटते ती डॉक्टर नव्हे, परिचारिका. पहिले वाक्य त्या दोघींमध्ये होते. ते कोणत्या बोलीत होते, कोणत्या स्वरात होते, यावर पुढचे बरेच काही अवलंबून असते.

पोहरादेवी ही बंजारा समाजाची काशी. संत सेवालाल महाराजांची समाधी येथे आहे. रामनवमीला येथे महाराष्ट्राबरोबरच तेलंगण, आंध्र आणि कर्नाटकातून तांडेच्या तांडे लोटतात. या समाजाची गोरबोली राजस्थानी बोलींच्या कुळातली. तिला स्वतःची लिपी नाही. महाराष्ट्रात ती देवनागरीत, तेलंगणात तेलुगूत आणि कर्नाटकात कन्नड लिपीत लिहिली जाते. जनगणनेत तिची गणना हिंदीच्या गटात होते. कागदावर असा हिंदीचा शिक्का बसला, की गोरबोली बोलणाऱ्या आजीला सगळे समजतच असणार, असे गृहीत धरणे सोपे जाते. आजीही मान डोलावते. रुग्णालयात मान डोलावणे हा भित्र्या माणसाचा शिष्टाचार असतो. त्याचा अर्थ ‘समजले’ असा होत नाही.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील नवव्या अध्यायात चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत : वैद्य, औषध, परिचारक आणि रुग्ण. परिचारकाचे गुण चार : उपचाराचे ज्ञान, दक्षता, रुग्णाविषयी अनुराग आणि शुचिता. हे चार आपल्याकडच्या व्याख्यानांतून अधूनमधून ऐकू येतात. पण त्याच ठिकाणी रुग्णाचेही चार गुण दिले आहेत, त्यांचा उल्लेख सहसा होत नाही. स्मरण, सांगितल्याप्रमाणे वागणे, निर्भयता आणि ज्ञापकत्व, म्हणजे आपले दुखणे नीट सांगता येणे. यांतले शेवटचे दोन गुण रुग्णाला घरून आणता येत नाहीत. ‘काय होतंय ते लवकर सांग, मागे रांग आहे’ या एका वाक्याने निर्भयता जाते आणि तिच्यामागोमाग ज्ञापकत्वही जाते. म्हणजे चरकाने रुग्णाच्या खात्यावर मांडलेले हे दोन गुण प्रत्यक्षात परिचारिकेच्या जिभेवर अवलंबून असतात.

दुभाषी म्हणून नातेवाईक आहेतच की, असे उत्तर यावर तयार असते. पण अंगावरून पांढरे जाणे, पाळीचा त्रास, गर्भपात या गोष्टी कोणती स्त्री दिराच्या किंवा दहा वर्षांच्या मुलाच्या तोंडून सांगवील? ती पोटदुखी सांगते आणि पोटदुखीच्या गोळ्या घेऊन परत जाते. केंद्र सरकारने २०१६ मध्ये सरकारी रुग्णालयांत प्रसूतीच्या वेळी सोबतीण राहू देण्याची मुभा दिली आणि डिसेंबर २०१७ मध्ये ‘लक्ष्य’ हा प्रसूतिकक्षांच्या दर्जासुधारणेचा कार्यक्रम सुरू केला. त्यात बाळंतिणीला सन्मानाने वागवणे ही उपचाराचीच बाब मानली आहे. तांड्यावरची अनुभवी बाई सोबतीण म्हणून आत आली, तर भाषेचा प्रश्न निम्मा तरी तिथेच सुटतो. तिला ‘गर्दी करू नका’ म्हणून बाहेर काढले, की तो पुन्हा उभा राहतो.

बोलीइतकाच वेषाचा प्रश्न आहे. जुन्या वळणाच्या विवाहित बंजारा स्त्रीच्या केसांत घुगरी-टोपली असते, हातांत भरगच्च बांगड्या असतात. नव्या पिढीत हा वेष कमी होत चालला, तरी वयस्कर स्त्रियांनी तो सोडलेला नाही. शस्त्रक्रियेपूर्वी अंगावरचा धातू उतरवावा लागतो, कारण विजेच्या उपकरणाने भाजण्याचा धोका असतो. हे कारण सांगायला अर्धे मिनिट लागते. न सांगता कोणी बांगड्यांना हात घातला, तर त्या स्त्रीच्या लेखी तो सौभाग्याला घातलेला हात असतो. कारण सांगून, तिच्याच हाताने उतरवून, पदरात बांधून सासूच्या हाती दिलेली घुगरी ही साधी गोष्ट. पण त्या रात्री तिला झोप लागेल की नाही, हे तिच्यावर ठरते.

महाराष्ट्राला हे अगदीच नवे नाही. १९८६ मध्ये डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था सुरू केली, तेव्हा रुग्णालय कसे असावे हे त्यांनी गोंड बांधवांनाच विचारले. पांढऱ्या कपड्यांची भीती वाटते, कारण पांढऱ्यात मृताला गुंडाळतात, हे तेव्हा कळले. शोधग्रामचे रुग्णालय मग गोंडांच्या वस्तीच्या धर्तीवर झोपड्यांचे झाले आणि त्याला दंतेश्वरी मातेचे नाव मिळाले. उत्तर सोपे होते. विचारायचे कोणाला सुचले नव्हते, एवढेच.

न बोलण्याची किंमत किती मोठी असते, याचे उदाहरण मराठवाड्याने पाहिले आहे. बीड जिल्ह्यात तीन वर्षांत ४,६०५ स्त्रियांची गर्भाशये काढली गेल्याची माहिती २०१९ मध्ये राज्याच्या आरोग्यमंत्र्यांनी विधान परिषदेत दिली. त्यांत ऊसतोडीला जाणाऱ्या कष्टकरी स्त्रिया मोठ्या संख्येने होत्या. ‘पिशवी खराब झाली, कर्करोग होईल’ अशी भीती घातली गेल्याचे अनेकींनी सांगितले. विदर्भ-मराठवाड्यातले कितीतरी बंजारा तांडेही दरवर्षी कोयता घेऊन बाहेर पडतात, म्हणून हा प्रश्न परका नाही. संमतिपत्रावर अंगठा उमटला म्हणजे संमती मिळाली, असे कायद्याच्या कागदाला वाटू शकते. पर्याय कोणते, शस्त्रक्रिया टाळता येईल का, नंतर काय त्रास होईल, हे तिच्या बोलीत कोणीतरी सांगायला हवे होते. दवाखान्यात तिच्याजवळ सर्वांत जास्त वेळ असणारी व्यक्ती परिचारिकाच असते.

औषध समजावण्याचेही तसेच. ‘समजले का?’ या प्रश्नाला ‘हो’ याखेरीज उत्तर येत नाही. त्याऐवजी ‘घरी गेल्यावर सासूला कसे सांगशील?’ असे विचारावे. चूक लगेच उघडी पडते. जलसंजीवनीची मोठी पुडी एक लिटर पाण्यात घालायची असते. ती पेलाभर पाण्यात कालवली, तर क्षारांचे प्रमाण वाढून बाळाला अपाय होऊ शकतो. ‘लिटर’ हा शब्द ज्या घरात वापरात नाही, तिथे घरातलेच भांडे मागवून खूण दाखवावी लागते.

रुग्णालाही नाव असते. पण वॉर्डात त्याचा ‘सात नंबर’ होतो आणि परिचारिकेची नुसती ‘सिस्टर’. डॉ. केट ग्रेंजर या ब्रिटिश डॉक्टर स्वतः कर्करोगाच्या रुग्ण म्हणून २०१३ मध्ये रुग्णालयात होत्या. उपचार करणारे बरेचजण आपले नावही सांगत नाहीत, हे त्यांना जाणवले आणि ‘नमस्कार, माझे नाव अमुक’ एवढ्यावरच त्यांनी एक मोहीम उभी केली. २०१६ मध्ये त्या गेल्या. मोहीम देशोदेशी पोहोचली. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनीही १८५९ च्या आपल्या पुस्तकात दाराबाहेर चाललेल्या कुजबुजीने रुग्ण किती अस्वस्थ होतो, हे बजावले आहे आणि त्याच्याशी बोलताना त्याच्या नजरेसमोर बसावे, असे सांगितले आहे. ‘तारो नाम काई छ?’ हे चार शब्द शिकायला परिचारिकेला किती वेळ लागेल? वयस्कर स्त्रीला ‘याडी’, म्हणजे आई, अशी हाक मारायला तर शिकावेही लागत नाही. येथे एक सावधगिरी हवी. वऱ्हाडात मायेला ‘तू’ म्हणतात आणि त्यात प्रेम असते. टेबलामागून गणवेशातल्या माणसाने म्हटलेल्या ‘तू’मध्ये ते उतरत नाही.

या साऱ्याचा दोष परिचारिकांच्या माथी मारणे मात्र अन्यायाचे होईल. रात्रपाळीला एकटीने भरलेला वॉर्ड सांभाळणारीकडून गोड बोलण्याची अपेक्षा करणारे नातेवाईक स्वतः तिच्याशी कसे बोलतात? आरोग्यसेवकांवरील हल्ले रोखण्यासाठी राज्याला २०१० मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला, हे समाजाला भूषणावह नाही. डॉक्टरांनी चारचौघांत झिडकारलेली परिचारिका तोच स्वर पुढे रुग्णापर्यंत नेते. १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन उभे करून रमाबाई रानडे यांनी विधवा आणि गरजू स्त्रियांना परिचर्येच्या शिक्षणाकडे वळवले, तेव्हा प्रतिष्ठित घरांतून या कामाकडे हलके म्हणून पाहिले जाई. तो दृष्टिकोन पूर्ण गेला आहे, असे म्हणवत नाही.

भारतीय परिचर्या परिषदेच्या २०२१ च्या पदवी अभ्यासक्रमात पहिल्याच सत्रात संवादात्मक इंग्रजी हा विषय आहे. इंग्रजी यावीच, औषधाची नावे आणि नोंदी तीत असतात. पण मानोऱ्याच्या रुग्णशय्येवर इंग्रजीत कोण कण्हते? वाशिमला आता वैद्यकीय शिक्षण आले आहे. तेथील विद्यार्थी आणि परिचारिका यांच्यासाठी पन्नासएक गोरबोली वाक्यांचा छोटा वर्ग घेणे अवघड नाही. तांड्यातल्या आशा कार्यकर्त्या त्याच्या शिक्षिका होऊ शकतात, आणि त्यांना त्याचे मानधनही मिळाले पाहिजे.

रामनवमीच्या गर्दीत हा वर्ग सर्वाधिक उपयोगी पडेल. चैत्राच्या उन्हात तेलंगणातून आलेल्या यात्रेकरू आजीला भोवळ आली, तर तिला मराठी कळणार नाही, हिंदी जेमतेम कळेल आणि तंबूवरची देवनागरी पाटी वाचता येणार नाही. महाराष्ट्रातल्या बंजाऱ्याशी तिची सामाईक असलेली बोली एकच. त्या तंबूत खाटेशी वाकून कोणी ‘याडी’ म्हटले, तर ती डोळे उघडून आधी तिच्याकडेच पाहील.