काजूची झाडे आणि सरकारी गावे

टांझानियाच्या दक्षिण टोकाला, मोझांबिकच्या सीमेलगत, म्त्वारा आणि लिंडी हे काजूचे मुलूख आहेत. पूर्व आफ्रिकेत काजू आणला पोर्तुगिजांनी. गोव्यातही त्यांनीच आणला. कोकणातल्या बागायतदाराला पुढचे वेगळे सांगायला नको. काजू फार लाड मागत नाही, पण हंगामाआधी झाडाखालचे रान साफ करावेच लागते. पिकलेले बोंड बीसकट गळून पडते. खाली गवत माजले असेल तर बी सापडत नाही, आणि वणवा लागला तर झाडच जाते. त्यामुळे घर झाडापासून चालत जाण्याच्या अंतरावर असावे लागते.

१९७३ ते १९७६ या काळात सरकारने लाखो कुटुंबांची घरे झाडांपासून तोडली. मोहिमेचे नाव होते ‘ऑपरेशन विजिजी’. विखुरलेल्या वाड्यावस्त्यांवरची माणसे मोठ्या गावांत आणायची, तिथे शाळा, दवाखाना आणि पाण्याची सोय करायची, शेती सामायिक करायची, असा बेत होता. आधी लोकांनी आपणहून यावे अशी अपेक्षा होती. फारसे कोणी येईना, तेव्हा नोव्हेंबर १९७३ मध्ये अध्यक्ष ज्युलियस न्येरेरे यांनी गावात राहणे आता सक्तीचे असल्याचे जाहीर केले. ट्रक आले, सामान चढवले गेले, माणसे परत फिरू नयेत म्हणून काही ठिकाणी जुन्या घरांची छपरे जाळली गेली. मागे राहिलेल्या काजूच्या बागांत रान वाढले. १९७३-७४ मध्ये टांझानियात सुमारे १ लाख ४५ हजार टन काजू बी निघाले होते. १९८६-८७ पर्यंत हा आकडा २० हजारांच्या खाली आला. भुरी रोगाने यात भर घातली हे खरे. पण भुरीशी झगडायला शेतकऱ्याने झाडापाशी असावे लागते, आणि झगडण्याइतका भावही मिळावा लागतो. यातले एकही उरले नव्हते.

एवढी हानी ज्यांच्या हुकमाने झाली ते न्येरेरे लुटारू नव्हते. शेजारच्या झाईरमध्ये (आजचे काँगो) हुकूमशहा मोबुटू देश ओरबाडत असताना न्येरेरे साधेपणाने राहिले. लोक त्यांना ‘म्वालिमू’, म्हणजे गुरुजी, म्हणत. शेक्सपिअरची दोन नाटके त्यांनी स्वाहिलीत आणली. त्यांच्या समाजवादी धोरणाचा पाया असलेल्या फेब्रुवारी १९६७ च्या आरुशा जाहीरनाम्याने बँका आणि मोठे उद्योग सरकारच्या ताब्यात घेतले, तसेच पक्षाच्या नेत्यांना कंपन्यांचे शेअर बाळगायला, दोन पगार घ्यायला आणि घरे भाड्याने द्यायलाही मनाई केली. प्रौढ साक्षरतेच्या मोहिमेने खेडोपाडी वर्ग भरले. सव्वाशेच्या आसपास जमातींचा हा देश एका भाषेने बांधला गेला, आणि शेजारी देशांना पोखरणारे वांशिक रक्तपात त्याच्या वाट्याला आले नाहीत. १९९५ मध्ये भारताने पहिला गांधी शांतता पुरस्कार त्यांनाच दिला. तो योग्य माणसाला मिळाला, याबद्दल शंका घेण्याचे कारण नाही.

मग चुकले कुठे? भ्रष्टाचार किंवा आळस ही सोपी उत्तरे इथे पुरत नाहीत. आफ्रिकेतल्या समाजवादी राजवटींनी शेतकऱ्यासाठी खूप काही योजले, पण काय पेरायचे, कुठे राहायचे, माल कोणाला विकायचा हे ठरवण्याचा त्याचा अधिकार काढून घेतला. किलिमांजारोच्या उतारावरच्या चग्गा शेतकऱ्यांचा कॉफी सहकारी संघ १९३३ पासून उभा होता. सहकार म्हणजे समाजवादाला घरचाच माणूस वाटावा. तरीही १९७६ मध्ये सरकारने देशातले असे संघ बरखास्त केले आणि पिकागणिक सरकारी खरेदी मंडळे नेमली. एकच गिऱ्हाईक, तेच भाव ठरवणार, तेच पैसे थकवणार. महाराष्ट्रात १९७२ पासून कापसाची एकाधिकार खरेदी अनुभवलेल्या शेतकऱ्याला हे चित्र ओळखीचे वाटेल. काजूच्या निर्यातीतून येणाऱ्या पैशातला शेतकऱ्याचा वाटा घटत गेला. त्याच सुमारास जागतिक बँकेच्या कर्जातून काजू फोडण्याचे यांत्रिक कारखाने उभे राहत होते. ते तयार झाले तेव्हा त्यांना पुरेल एवढे बीच देशात पिकत नव्हते. त्या चुकीत वॉशिंग्टनचाही हात होता, हे विसरता कामा नये.

पश्चिमेला घानात हीच गोष्ट कोकोच्या रूपात आधीच घडली होती. तिथले कोको खरेदी मंडळ स्वतंत्र घानाचे नेते क्वामे एन्क्रुमा यांनी काढलेले नव्हते. ब्रिटिशांनीच ते १९४७ मध्ये स्थापन केले होते. शेतकऱ्याला कमी द्यायचे आणि उरलेले सरकारने ठेवायचे, ही वसाहतीची चाल स्वतंत्र देशाने जशीच्या तशी उचलली आणि तिला विकासाचे नाव दिले. त्या पैशातून शाळा, रस्ते, अकोसोम्बोचे धरण झाले. बूट तयार करण्याची एक योजनाही आखली गेली: उत्तरेतल्या कत्तलखान्यातली कातडी पाचशे मैलांवर दक्षिणेत कमवायला न्यायची, तिथून चामडे दोनशे मैल मागे कुमासीच्या कारखान्यात आणायचे, आणि तयार बूट पुन्हा दोनशे मैलांवर राजधानी आक्राच्या बाजारात पाठवायचे. हा सगळा खर्च कोको पिकवणाऱ्याच्या खिशातून. १९६६ मध्ये लष्कराने एन्क्रुमांना हटवले, पण मंडळ मात्र पुढच्या प्रत्येक सरकारने जपले. साठच्या दशकाच्या मध्यात साडेपाच लाख टनांच्या वर गेलेले कोको उत्पादन १९८३-८४ मध्ये १ लाख ६० हजार टनांच्या आसपास आले. भाव सीमेपलीकडे चांगला होता, म्हणून पोती रात्री आयव्हरी कोस्टला जात.

गिनीत अध्यक्ष सेकू तुरे यांनी बाजारावर ‘आर्थिक पोलीस’ बसवले. २७ ऑगस्ट १९७७ रोजी राजधानी कोनाक्रीत त्यांच्याविरुद्ध उठल्या त्या मंडईत बसणाऱ्या बायका. मोर्चा अध्यक्षांच्या निवासापर्यंत गेला, गोळीबार झाला, आणि अखेर सरकारलाच मागे सरावे लागले. आफ्रिकेच्या आर्थिक इतिहासात या बायकांना यापेक्षा कितीतरी मोठी जागा मिळायला हवी.

सगळे खापर समाजवादावर फोडणे मात्र अप्रामाणिकपणाचे होईल. तेलाचे भाव दोनदा भडकले, दुष्काळ पडले, कृत्रिम धाग्यांनी टांझानियाच्या सिसलची बाजारपेठ खाल्ली, युगांडाच्या इदी अमीनशी झालेल्या युद्धाने तिजोरी रिकामी केली. मोझांबिकची कहाणी तर आणखी कठोर. १९७५ मध्ये पोर्तुगीज गेले तेव्हा दहापैकी नऊहून अधिक लोक निरक्षर होते. फ्रेलिमोच्या मार्क्सवादी सरकारने पैसा सरकारी शेतांवर ओतला आणि लहान शेतकऱ्याला वाऱ्यावर सोडले. १९८३ च्या पक्ष अधिवेशनात ही चूक मान्यही केली. पण तोवर आधी ऱ्होडेशियाच्या आणि मग दक्षिण आफ्रिकेच्या गोऱ्या राजवटीने पोसलेल्या रेनामो बंडखोरांनी शाळा, दवाखाने, रेल्वेमार्ग उद्ध्वस्त करायला घेतले होते. या युद्धात सुमारे दहा लाख माणसे दगावली. अध्यक्ष सामोरा माशेल यांचे विमान ऑक्टोबर १९८६ मध्ये कोसळले, त्यात त्यांचे सल्लागार आकिनो द ब्रागांसा हेही गेले. ते जन्माने गोवेकर. गोव्याने त्यांची आठवण अधिक ठेवायला हवी.

युद्ध संपले, समाजवाद सोडला गेला, आणि नव्वदच्या दशकात मोझांबिकच्या काजूवर दुसरा प्रयोग झाला. कच्च्या बियांवरचा निर्यातकर कमी करा, शेतकऱ्याला चांगला भाव मिळेल, असा जागतिक बँकेचा आग्रह होता. कच्चे बी भारतात जाऊ लागले. नुकतेच खासगी हातांत गेलेले कारखाने बंद पडले, हजारो कामगार, त्यांत बऱ्याच स्त्रिया, बेकार झाले. शेतकऱ्याच्या हाती पडलेली वाढ अगदीच किरकोळ होती. नफ्याचा मोठा भाग मधल्या व्यापाऱ्यांनी नेला. आधी राजधानी मापुतोतून निर्णय लादला जात होता, आता जागतिक बँकेच्या वॉशिंग्टनमधून.

टांझानियाने १९८६ मध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीशी करार केला आणि बाजार हळूहळू खुला झाला. नव्वदच्या दशकात काजूही सावरू लागला. तरीही हुकमाची सवय सरकारने टाकलेली नाही. नोव्हेंबर २०१८ मध्ये व्यापारी पुरेसा भाव देत नाहीत म्हणून अध्यक्ष जॉन मागुफुली यांनी देशातले सगळे काजूपीक सरकार घेईल असे जाहीर केले. किलोला ३,३०० शिलिंग भाव ठरला आणि माल उचलायला म्त्वाऱ्यात लष्कराचे ट्रक गेले. भाव खरोखरच चांगला होता. पण पैसे हाती पडायला अनेक शेतकऱ्यांना महिनोन्‌महिने थांबावे लागले, आणि दरम्यान त्यांना दुसऱ्या कोणाला माल विकण्याची मोकळीक नव्हती.