मोरीच्या पाण्यावरची भाजी

कसारा लोकलने खर्डीस उतरून जुन्या वस्तीत शिरले, की अद्यापही काही घरांच्या मागे, मोरीचे पाणी जिथे जिरते तिथे, अळूचे बेट, केळीचा खुंट आणि कुडावर चढलेला दोडक्याचा वेल दृष्टीस पडतो. परंतु स्थानकालगत ज्या चाळी नि इमारती उभ्या राहिल्या त्यांना अंगणही नाही नि परसही नाही. तेथील गृहिणी कोथिंबिरीच्या चार काड्यांसाठीही बाजाराची वाट धरते. परसबाग जागेअभावी गेली, हे खरे; तथापि मला अधिक खंत वाटते ती तिच्याबरोबर गेलेल्या सवयीची, कारण जागा परत मिळणार नाही, पण सवय तेलाच्या पंधरा किलोच्या रिकाम्या डब्यातसुद्धा परत रुजवता येते.

डब्याच्या बुडाला चार भोके पाडावी, तळाशी खापऱ्या नि नारळाच्या शेंड्या अंथराव्या, वर पालापाचोळा, माती आणि चांगले कुजलेले शेणखत भरावे. बियाण्याची तजवीज स्वयंपाकघरातच असते. पाने खुडल्यावर उरलेली पुदिन्याची काडी, मयाळूचे कांडे, कोंब फुटलेली लसणीची पाकळी, डोळा आलेले आले, आणि हलके रगडून दोन फाकी केलेले मसाल्याच्या डब्यातील धणे, हे सारे रुजते. मात्र येथे कोणी भलती आशा लावू नये: कांद्याच्या बुडख्यातून पात मिळते, कांदा नव्हे, आणि संकरित टोमॅटोचे बी पेरले असता मूळ फळाचे गुण उतरतीलच असे नाही.

आमच्या मुलखात दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, त्यात उघड्यावरची मेथी कुजून जाते; म्हणून पावसाळा अळू-मयाळूचा, आणि मेथी-कोथिंबिरीचा खरा हंगाम दसऱ्यापुढचा. उन्हाळ्याची कथा निराळी. 1892 साली पूर्ण झालेले तानसा धरण आणि नंतरचे भातसा याच शहापूर तालुक्यात असून मुंबईची तहान भागवितात, आणि त्याच तालुक्यातील कित्येक पाडे वैशाखात टँकरची प्रतीक्षा करीत असतात, हा अन्याय पिढ्यानपिढ्या चालत आला आहे. जिथे हंडाभर पाण्यासाठी पायपीट करावी लागते तिथे तांदूळ धुतलेले, भाजी धुतलेले पाणी मोरीत सोडणे हा अपव्यय होय. साबणाचे पाणी तेवढे पालेभाजीवर घालू नये.

राहिला प्रश्न बियाण्याचा, आणि माझ्या मते तोच सर्वांत महत्त्वाचा. सह्याद्रीच्या पलीकडे अकोले तालुक्यात, कोंभाळणे गावी, राहीबाई पोपेरे यांनी घरच्या घरी गावठी वाण जतन केले. शासनाने 2020 सालचा पद्मश्री देऊन त्यांचा गौरव केला. त्यांच्यासारख्याच ज्या ठाकूर, वारली, कातकरी बायका वालाचे नि काकडीचे बी राखेत घोळून मडक्यात ठेवीत आल्या, त्यांच्या मडक्याची नोंद कोणत्याही दप्तरात नाही. पीकपाहणीत भात येतो, नागली येते, परसातला वेल येत नाही. ग्रामपंचायतीने व शाळांनी ही बियाणी गोळा करून शालेय परसबागेत लावावी, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

आणि वाचकहो, यंदा दसऱ्याला एक डबा भरा. पहिले बी धरले की त्यातले मूठभर शेजारच्या घरी द्या.