‘डुप्लिकेट’ म्हणजे नक्की काय?



आमची वॅगन-आर २००९ ची. दिवाळीनंतर नातवंडांना घेऊन दहिगावला दर्शनाला जायचे ठरले, म्हणून गाडी मेस्त्रींना दाखवली. मीही बरोबर गेले होते. पुढचे ब्रेकपॅड पार झिजलेले. मेस्त्री म्हणाले, “काकी, कंपनीचे घालू का डुप्लिकेट? डुप्लिकेट निम्म्यात बसतील.” आमचे हे लगेच म्हणाले, “सोळा वर्षांची गाडी, आता तिच्यावर किती घालायचे?”

मी बी.कॉम. झालेली. स्वस्त म्हटले की आधी बिल विचारते. मेस्त्रींनी दोन खोकी पुढे ठेवली. एकावर दुसऱ्याच एका कंपनीचे नाव, पत्ता, महिना-साल, किंमत, सगळे स्पष्ट. दुसऱ्यावर आमच्या गाडीच्या कंपनीचे चिन्ह, पण छपाई फिकी, किमतीचे लेबल नाही आणि पक्के बिलही मिळणार नाही. मेस्त्री दोन्हींना ‘डुप्लिकेट’च म्हणत होते.

आपली गफलत इथेच होते. ब्रेकपॅड, क्लचप्लेट, फिल्टर असे कितीतरी भाग गाडीची कंपनी स्वतः बनवत नाही, दुसऱ्या कारखान्यांकडून घेते. त्यांतले काही कारखाने तसाच माल स्वतःच्या नावानेही विकतात, आणि तो स्वस्त पडतो. आपण घरी लाटलेले पापड आपल्या नावाने विकले तर ते नकली होत नाहीत. दुसऱ्याच्या नावाच्या पिशवीत भरले, तर होतात.

तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अचौर्याणुव्रताचे पाच अतिचार आहेत. त्यांत ‘प्रतिरूपक व्यवहार’ आहे, म्हणजे नकली वस्तू असली म्हणून खपवणे. चोरून आणलेला माल घेणे हाही त्यातलाच एक. पाठशाळेत आपण हे पाठ केले, पण ते दुकानदारांसाठी आहे असे समजून सोडून दिले. मात्र बिनबिलाचा, ‘कुठून तरी काढून आणलेला’ पार्ट आपणच मागितला, तर दोष एकट्या दुकानदाराचा कसा? आणि ब्रेक लागला नाही तर समोर कुणाचे तरी लेकरू असते. अहिंसा काय फक्त पाणी गाळण्यापुरती आहे?

माझा हिशेब असा. ब्रेक, स्टिअरिंग, सस्पेन्शन यांना गाडीच्या कंपनीचा किंवा नावाजलेल्या कारखान्याचाच पार्ट. सीट कव्हर, मॅट, हबकॅप स्वस्तातले चालतील. पण खोक्यावर बनवणाऱ्याचे नाव हवे आणि हातात पक्के बिल हवे. बिलाने कर वाढतो ही तक्रारही आता कमी व्हावी. पूर्वी बऱ्याच पार्टांवर २८ टक्के जीएसटी होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून तो १८ टक्के झाला आहे.

आम्ही पहिले खोके घेतले. कंपनीच्या पार्टपेक्षा स्वस्त आणि बिलासकट. हे घरी येईपर्यंत गप्प होते. मग म्हणाले, “बिल फाईलला लाव.”

तुमच्या घरी गाडी दुरुस्तीला गेली, तर एकदा तरी बरोबर जा. खोके स्वतः हातात घेऊन वाचा.

जय जिनेंद्र.