सासूबाईंनाही विचारा

आज २२ मे, जागतिक प्रीएक्लॅम्प्सिया दिन. या आजारात गरोदरपणाचे वीस आठवडे उलटल्यावर रक्तदाब १४०/९० वर चढतो, बहुतेकदा लघवीतून प्रथिने जाऊ लागतात, डोके ठणकते, डोळ्यांपुढे काजवे चमकतात आणि वेळीच आवर घातला नाही तर झटके येऊ शकतात. एकेकाळी या झटक्यांना बाहेरची बाधा समजून अंगारा लावला जाई. आज अंगारा मागे पडला, पण दोष अजून गरोदर बाईच्याच पदरात पडतो: खारट खाल्ले असेल, विश्रांती घेतली नसेल, नाहीतर ‘हिच्या माहेरचेच हे’.

माहेरचा वाटा खराच आहे. आईला किंवा बहिणीला हा त्रास झाला असेल, तर धोका वाढतो. रक्तदाब वाढवणारी अनेक जनुके थोडाथोडा हात लावतात. कुणी एकच गुन्हेगार नाही. मात्र या आजाराचे मूळ वारेत असते; वार ही बाळाच्या पेशींची बनते आणि बाळात निम्मा वारसा बापाचा असतो. अमेरिकेतील युटामधल्या नोंदींवरून २००१ मध्ये दिसले, की ज्या पुरुषांच्या आईला त्यांच्या वेळी हा आजार होता, त्यांच्या पत्नींना तो होण्याची शक्यता सुमारे दुप्पट होती. पुढे २०१७ मध्ये बाळाच्या तेराव्या गुणसूत्रावर, एफएलटी-१ जनुकाजवळ, धोक्याची खूण सापडली. याच जनुकापासून बनणारे एक प्रथिन वारेतून आईच्या रक्तात उतरते आणि रक्तवाहिन्यांना निरोगी ठेवणारे घटक अडवून धरते. तेरावे गुणसूत्र जास्तीचे असलेले बाळ पोटात असताना आईला हा आजार अधिक होतो, त्याचा अर्थही इथे लागतो.

या जनुकांची तपासणी अजून रोजच्या ओपीडीत आलेली नाही. प्रश्न विचारायला मात्र प्रयोगशाळा लागत नाही. धोका जास्त दिसला, तर डॉक्टर बाराव्या आठवड्यापासून, शक्यतो सोळाव्याच्या आत, कमी मात्रेची ॲस्पिरिन सुरू करतात. २०१७ च्या एका मोठ्या चाचणीत रोज १५० मिलिग्रॅमने मुदतपूर्व प्रीएक्लॅम्प्सिया ६२ टक्क्यांनी घटला होता. माहिती उशिरा कळली, तर हा लाभ हातून जातो.

म्हणून केसपेपरवर नवऱ्याच्या जन्माचाही रकाना हवा, असे आम्हाला आग्रहाने सांगायचे आहे. त्याला स्वतःला बहुधा काहीच ठाऊक नसते. पुरुषांना ही हकीकत कुणी सांगतच नाही. ठाऊक असते ती त्याच्या आईला. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी होते. चौथा महिना लागलेल्या सुनेसोबत सासूबाई रांगेत असतील, तर आशाताईंनी त्यांनाही खुर्ची द्यावी आणि विचारावे: ‘याच्या वेळी तुमचे पाय सुजले होते का? झटके आले होते का?’